रविवारचा छापगट आणि शांघायचे सहा दिवस

'आपल्या छापगटाचा इतिहास दोन-तीन पानांत लिहून द्या,' असं सेक्रेटरींनी गणपतीतच सांगून ठेवलं होतं. मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आपल्या गटाचा इतिहास अर्ध्या पानात संपतो. दर रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, लिनो कोरायचा, शाई लावायची, कागदावर छाप घ्यायचा, हात पुसायचे आणि जेवायला घरी जायचं. आठ वर्षं हेच चाललंय. फी नाही, परीक्षा नाही, वयाची अट नाही, चित्रकला यावी लागते असंही नाही.

पण या अर्ध्या पानात एक जागा अशी आहे, की जी मला आजही टोचते. ती सांगायची, तर आधी शांघायला जाऊन यावं लागेल. रौप्यमहोत्सवी अंकात चीन कुठून आला, असं वाटेल. जरा धीर धरा.

आधी थोडं माझ्याविषयी. नव्या बिऱ्हाडांना मी 'बी विंगमधले छापवाले काका' एवढाच माहीत आहे. मी मूळचा जुळारी. म्हणजे कंपोझिटर. गिरगावात एका छापखान्यात सव्वीस वर्षं खिळे जुळवले. शिशाची अक्षरं उलटी असतात आणि ती जुळवताना डोक्यावर उभी राहिलेली दिसतात. त्यामुळे अजूनही मला उलटं वाचता येतं, आणि नातवंडांना ती जादू वाटते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, असं सगळं आम्ही छापलं. याच गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला होता. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवघरातली लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचली ती तिथल्या दगडांवरून. चित्र एकाचं असतं, छाप हजारांचा असतो, हे आम्हा छापखानेवाल्यांना लहानपणापासून ठाऊक.

पुढे ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला आणि आमचे खिळे वजनावर भंगारात गेले. मी घरी आलो तो शाईचे चार डबे, एक रोलर आणि थोडी कोरायची हत्यारं घेऊन.

छापगट सुरू झाला तो गणपतीत. मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या दिवशी पाऊस होता, खडू ओले झाले, मुलं कंटाळली. मी घरून शाई आणली आणि बटाट्याचे, भेंडीचे ठसे करून दाखवले. मुलं सोडाच, त्यांच्या आयाही भेंडी मागायला लागल्या. पुढच्या रविवारी चारजण आले, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. बटाटा दोन तासांत सुकतो म्हणून लिनोकडे वळलो. लिनो उन्हात थोडा ठेवला की मऊ पडतो आणि हत्यार लोण्यासारखं चालतं. जे कोरून काढलं ते पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं येतं. मशीन लागत नाही. कागद वर ठेवायचा आणि पोळीच्या डब्यातल्या मोठ्या चमच्याच्या पाठीने घासायचा. पहिला छाप उचलताना प्रत्येकाच्या तोंडून 'अय्या' किंवा 'अरे' निघतंच. बँकेतून निवृत्त झालेले साहेबसुद्धा याला अपवाद नाहीत. आणि नाव कोरलं असेल, तर पहिल्यांदा ते हमखास उलटं येतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गटाच्या तिसऱ्या वर्षी माझ्या मुलाने वाढदिवसाला मला चिनी वुडकटचं एक जाडजूड पुस्तक दिलं. चित्रं बघितली, मग शब्दकोश शेजारी ठेवून मजकूर वाचायला लागलो. त्यातून आणखी पुस्तकं मिळवली. त्यात एका वर्गाची हकिगत सापडली. १७ ते २२ ऑगस्ट १९३१, शांघाय शहर, विद्यार्थी तेरा.

हा वर्ग भरवला लू शुन यांनी. आधुनिक चिनी साहित्याचा पाया ज्यांनी घातला, ते हे लेखक. जन्म १८८१ चा. जपानमध्ये सेंदाई इथे डॉक्टरकी शिकायला गेले आणि ती अर्धवट सोडून लेखनाकडे वळले. शरीर बरं करण्याआधी माणसांची मनं जागी व्हायला हवीत, असं त्यांना वाटलं. १९१८ साली आलेल्या 'एका वेड्याची रोजनिशी' या कथेने त्यांचं नाव झालं. १९२७ पासून ते शांघायला राहत होते.

लू शुन स्वतः चित्रकार नव्हते, पण त्यांना छापचित्रांचं विलक्षण वेड. जर्मनी, रशिया, इंग्लंड, जपान, जिथून मिळतील तिथून ते चित्रं मागवायचे. लाकडी ठशांची छपाई चीनची स्वतःचीच. तारीख घातलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक म्हणून ओळखलं जाणारं 'वज्रसूत्र' हे इसवी सन ८६८ मधलं, चीनमधलंच, आणि त्याच्या सुरुवातीला बुद्धाचं लाकडावर कोरून छापलेलं चित्र आहे. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण जुन्या पद्धतीत चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. कोरणाऱ्याने रेघेबाहेर जायचं नाही. आमच्या छापखान्यातही तेच होतं. मजकुरातली चूक दिसली तरी जुळाऱ्याने 'जसंच्या तसं' लावायचं.

विसाव्या शतकात हे बदललं. जपानमध्ये यामामोतो कानाए या तरुणाने १९०४ साली एका कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं आणि स्वतःच छापलं. तिथून 'स्वतः करायचं' ही चळवळ निघाली. लू शुन यांना चीनसाठी हेच हवं होतं. त्यांचा हिशेब अगदी व्यवहारी होता. तैलचित्राला कॅनव्हास लागतो, रंग परदेशातून येतात, आणि शेवटी चित्र एकच तयार होतं, तेही श्रीमंताच्या दिवाणखान्यात जातं. इथे लाकडाचा तुकडा आणि सुरी पुरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चित्र कळतं. आणि एका ठशातून शेकडो लोकांच्या हातात जातं.

पण शिकवणार कोण? इथे एक पुस्तकांचं दुकान मदतीला आलं. शांघायमध्ये उचियामा कान्झो नावाच्या जपानी गृहस्थांचं दुकान होतं. लू शुन तिथे नेहमी जायचे, दोघांची दाट मैत्री. त्या उन्हाळ्यात कान्झोंचा धाकटा भाऊ काकिची सुट्टीसाठी शांघायला आला होता. हा काही मोठा कलावंत नव्हता. तोक्योतल्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारा तरुण मास्तर. तो लाकूड कोरून छाप कसे काढायचे हे दाखवत होता, ते लू शुन यांनी पाहिलं आणि लगेच विचारलं, 'हेच आमच्या मुलांना शिकवाल का?' काकिची संकोचला. मला ते अगदी पटतं. शाळेत शिकवणं वेगळं आणि एवढ्या मोठ्या माणसासमोर शिकवणं वेगळं. पण तो तयार झाला.

जागा स्वतःची नव्हती. एका जपानी भाषेच्या शाळेतली खोली मागून घेतली. तेरा तरुण आले. बहुतेक कलाशाळांमधले आणि लहानसहान कलामंडळांतले. मास्तर जपानी बोलणार, मुलांना जपानी येत नाही. मग मध्ये दुभाषा कोण? स्वतः लू शुन. पन्नाशीला आलेला, देशभर नाव असलेला लेखक ऑगस्टच्या उकाड्यात सहा दिवस रोज उभा राहून 'लाकूड असं धरा, पाते असं चालवा, शाई पातळ लावा' याचं भाषांतर करत होता. रोज येताना ते आपल्या संग्रहातली चित्रं आणायचे आणि मुलांना दाखवायचे. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. तो आजही उपलब्ध आहे. आणि मास्तरांना भेट म्हणून लू शुन यांनी आपल्या संग्रहातली केथे कोल्वित्झ या जर्मन चित्रकर्तीची विणकरांच्या उठावावरची चित्रमाला दिली.

सहा दिवस, तेरा मुलं, मागून घेतलेली खोली, सुट्टीवर आलेला शाळामास्तर. आधुनिक चिनी वुडकटचा इतिहास सांगणारी पुस्तकं सुरुवात इथून धरतात.

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो, कारण ती वगळली तर सगळं फार गोडगोड वाटेल. वर्गाच्या सहाच महिने आधी, ७ फेब्रुवारी १९३१ रोजी, लू शुन यांचा तरुण मित्र आणि लेखक रौ शी याला कुओमिंतांग सरकारने इतर साथीदारांसह गोळ्या घातल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी परदेशी वुडकटची पुस्तकं छापताना लू शुन यांच्याबरोबर हाच रौ शी राबला होता. त्याची आई आंधळी होती. मुलगा गेल्याचं तिला कळलेलं नव्हतं. उघड काही लिहिणं शक्य नव्हतं. मग लू शुन यांनी सप्टेंबर १९३१ मध्ये एका नव्या मासिकात कोल्वित्झचं 'बलिदान' हे वुडकट छापून आणलं. आई आपलं बाळ दोन्ही हातांवर पुढे धरून उभी आहे, डोळे मिटलेले. कोल्वित्झचा स्वतःचा मुलगा १९१४ साली पहिल्या महायुद्धात गेला होता. बर्लिनच्या एका आईचं दुःख शांघायच्या वाचकांपर्यंत पोचलं, आणि ज्यांना कळायचं त्यांना ते का छापलंय हे कळलं.

वर्गातल्या मुलांनाही पुढे याची किंमत मोजावी लागली. पोलीस चित्रकारांच्या खोल्यांवर धाडी घालायचे. तेरांपैकी जियांग फेंग याला १९३२ च्या जुलैमध्ये पकडून तुरुंगात टाकलं. कलामंडळं बंद पाडली जायची आणि मुलं दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू करायची. लू शुन त्यांना पत्रं लिहायचे, चित्रांमधल्या चुका दाखवायचे, पैशांची मदत करायचे. १९३६ साली त्यांनी कोल्वित्झच्या चित्रांचं पुस्तक स्वतः पुढाकार घेऊन काढलं. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला ते शांघायमधलं वुडकटचं फिरतं प्रदर्शन पाहायला गेले. क्षयाने पार खंगले होते. तिथे तरुण चित्रकारांबरोबर बसून गप्पा मारतानाचे त्यांचे फोटो शा फेई या छायाचित्रकाराने काढले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, ते गेले. पाच वर्षांपूर्वी एका खोलीत जे सुरू झालं, ते आता देशभर फिरत होतं.

आपल्याकडचे दोन धागे सांगतो. १९३८ साली येनान या डोंगरातल्या गावात लू शुन यांच्या नावाने कला अकादमी निघाली. तुरुंगातून सुटलेला जियांग फेंग पुढे तिथे शिकवायला गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, त्याच येनानला भारताचं वैद्यकीय पथक पोचलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिला असेलच. दुसरा धागा त्याहून जवळचा. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईला आले आणि अंधेरीत राहिले. त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या होत्या. अंधेरीत त्यांनी लिनोवर राबणाऱ्या मुलांची चित्रं कोरली. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, कामावर जुंपलेली मुलं. 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स' या नावाने ती पुढे डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने छापली. साहित्य काय, तर आपल्या हॉलमध्ये असतं तेच. लिनो, हत्यार, काळी शाई.

आता परत आपल्या सोसायटीत येऊ या.

पुस्तक हाती आलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गटात तेव्हा चौदा-पंधराजण नियमित येत होते. त्यात आपल्या तेव्हाच्या वॉचमनची मुलगी होती. आठवीत होती. दारात उभी राहून बघायची म्हणून मीच आत बोलावलं. फारसं बोलायची नाही, पण हात इतका स्थिर, की मला आमच्या छापखान्यातल्या ब्लॉकवाल्याची आठवण व्हायची. तिच्याबरोबर कपडे इस्त्री करणाऱ्या बाईंचा मुलगाही यायला लागला.

वार्षिक सर्वसाधारण सभेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये दोन मुद्दे आले. हॉलच्या फरशीवर शाईचे डाग पडतात, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सभासद नसलेले लोक येतात. पहिला मुद्दा अगदी बरोबर होता. आमची शाई तेलकट, घासलेटनेच निघते, आणि आम्ही नीट पुसत नव्हतो. दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला बोलायला हवं होतं. 'हॉल सभासदांच्या मेंटेनन्सवर चालतो, उद्या कोणीही येईल,' असं एकजण म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगतो. ठराव आला, 'छापगट फक्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राहील.' सूचक, अनुमोदक झाले. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. हात वर केला नाही. म्हटलं, हॉलच काढून घेतला तर गटच बंद पडेल. जाऊ दे.

पुढच्या रविवारी मुलगी आली, तेव्हा मला तिला दारातूनच सांगावं लागलं. ती 'बरं' म्हणाली आणि गेली. तिचा अर्धा कोरलेला लिनो टेबलावर तसाच होता.

काही महिन्यांनी पुस्तक आलं. शांघायचा वर्ग वाचला. त्या मुलांच्या हातात सुरी होती आणि दारावर पोलीस येतील ही भीती होती. एवढा मोठा लेखक दुभाषा होऊन उभा राहिला. आणि मला भीती होती ती काय? लिफ्टमध्ये कोणी तोंड फिरवेल याची. वाचता वाचता मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. आयुष्यात दुसऱ्याचे शब्द जुळवले, स्वतःचे बोलायची सवय नाही, त्यामुळे चांगलं बोललो असं म्हणणार नाही. शांघायची गोष्ट थोडक्यात सांगितली. म्हटलं, डागांची जबाबदारी माझी, खाली जुनी सतरंजी आणि वर प्लॅस्टिक घालतो, शाई पाण्याने धुता येणारी आणतो. पण जो आपल्या गेटवर रात्रभर जागतो, त्याच्या मुलीला दोन तास आपल्या टेबलाशी जागा द्यायला काय हरकत आहे? थोडी चर्चा झाली. ज्यांनी आधी विरोध केला होता, त्यांनीच सुधारित ठराव मांडला, 'सभासद, त्यांचे कुटुंबीय, तसेच सोसायटीत काम करणारे व त्यांची मुले.' एकमताने मंजूर झाला. त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, ते आज मानतो.

पण तोवर सिक्युरिटीचं कंत्राट बदललं होतं. वॉचमन कुटुंबासह दुसरीकडे गेले होते. चौकशी केली, पत्ता लागला नाही. ठराव मंजूर झाला, पण जिच्यासाठी मांडला ती नव्हती. एक वर्ष उशीर झाला. ती जागा मला टोचते, म्हणून इतिहास लिहायला सांगितला तर ती गाळायची नाही असं ठरवलं.

इस्त्रीवाल्या बाईंचा मुलगा मात्र परत आला. आता कॉलेजला आहे आणि लहान मुलांना हत्यार कसं धरायचं हे माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो. नियम एकच आहे, 'दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे.' तो हे इतक्या वेळा ओरडतो, की सी विंगमधल्या आजी त्याला 'मागे मागे' म्हणूनच हाक मारतात.

त्या मुलीचा लिनो माझ्याकडे कपाटात आहे. वॉचमनच्या केबिनच्या खिडकीतून दिसणारं आपलं गेट तिने कोरायला घेतलं होतं. गेट बाहेरून आपण सगळे रोज बघतो, आतून, त्या खुर्चीच्या उंचीवरून, मी तरी कधी पाहिलं नव्हतं. गजांपैकी सहा कोरून झालेत, उरलेले पेन्सिलीने आखलेले आहेत. कितीतरी जण म्हणाले, काका, तुम्ही पूर्ण करा. मी हात लावला नाही. सेक्रेटरींना विनंती करून या लेखाबरोबर आहे तसा छाप दिला आहे. उजवीकडची काळी बाजू म्हणजे छपाईतली चूक नाही, तो न कोरलेला भाग आहे. तिच्या घरच्यांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर हा अंक त्यांच्यापर्यंत पोचवा, एवढंच मागणं.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा केलं. ते सगळं अहवालात येईल. छापगटाच्या नावावर जमाखर्च फारसा नाही. शाईचे डबे, लिनोचे तुकडे आणि घरोघरच्या फ्रीजवर चिकटवलेले छाप.

रविवारी सकाळी दहा वाजता या. चित्रकला येत नसेल तर उत्तमच. जुना चमचा आणा, बाकी सगळं इथे आहे. आणि येताना दारात कोणी घुटमळत उभं दिसलं, तर त्यालाही आत घेऊन या.